बिल्डिंग सोसायटीतील रेग्युलर सेव्हर खाती : उघडताना आणि सांभाळताना

लीड्सकर

ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांशी पैशांचा विषय निघाला की एक गोष्ट वारंवार दिसते. पगार ज्या मोठ्या बँकेत जमा होतो, तिथल्याच चालू खात्यात महिनाअखेरीस उरलेली रक्कम वर्षानुवर्षे जवळजवळ बिनव्याजी पडून राहते, आणि बिल्डिंग सोसायटीचे, म्हणजे ठेवी घेऊन घरांसाठी कर्ज देणाऱ्या सभासदांच्या संस्थेचे, नाव काढले की समोरचा माणूस थबकतो. ‘सोसायटी’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर एक तर गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा येते, नाही तर अडचणीत आलेली एखादी पतसंस्था. मी गेली नऊ वर्षे या संस्थांमधून दरमहा बचतीची खाती चालवत आहे. त्यात काही चुकाही केल्या. म्हणून हा विषय एकदा सविस्तर मांडावा असे वाटले.

या संस्थांचे मूळ आपल्याला परके वाटू नये असे आहे. बर्मिंगहॅममधील गोल्डन क्रॉस या खानावळीचा मालक रिचर्ड केटली याने १७७५ साली अशी पहिली ज्ञात संस्था सुरू केली. सभासद दरमहा वर्गणी टाकत, जमलेल्या पैशांतून एकेका सभासदाचे घर उभे राही आणि सर्वांची घरे झाली की संस्था विसर्जित होई. भिशी चालवलेल्या कोणालाही ही रचना लगेच समजेल. पुढे १८४० च्या दशकात कायमस्वरूपी चालणाऱ्या संस्था आल्या, आणि ज्यांना घर नको, फक्त बचत करायची आहे, असे लोकही सभासद होऊ लागले. आज या संस्था १९८६ च्या बिल्डिंग सोसायटीज कायद्याखाली चालतात. त्यांच्या कर्जांपैकी किमान ७५ टक्के कर्जे राहत्या घरांच्या तारणावर द्यावी लागतात आणि किमान निम्मा निधी सभासदांच्या ठेवींतून उभा करावा लागतो. सभासदांच्या ठेवी त्यांना का हव्या असतात, याचे उत्तर या दुसऱ्या अटीत बरेचसे सापडते.

रेग्युलर सेव्हर म्हणजे आपल्या आवर्ती ठेवीसारखे खाते. दरमहा ठरावीक मर्यादेपर्यंत रक्कम भरायची, बहुधा वर्षभर, आणि त्यावर साध्या बचत खात्यापेक्षा बराच जास्त दर मिळतो. संस्थेला हा दर परवडतो, कारण मासिक मर्यादा लहान असते आणि त्या निमित्ताने नवा सभासद दारात येतो. नेशनवाइड या बिल्डिंग सोसायटीत मी असे खाते उघडले तेव्हा दरमहा २०० पौंडांची मर्यादा होती आणि वर्षभरात तीन वेळा पैसे काढण्याची मुभा होती. मात्र त्यासाठी तिथे चालू खाते असणे आवश्यक होते. इतरत्र नियम वेगळे असतात. कुठे मुदत सहा महिन्यांची असते, कुठे मुदत संपेपर्यंत एक पौंडही काढता येत नाही, कुठे एखादा महिना चुकला तरी चालते, तर कुठे चुकल्यास दर खाली येतो. काही खाती केवळ जुन्या सभासदांसाठी असतात आणि काही लहान संस्था ठरावीक पोस्टकोडबाहेरच्या माणसाला खाते देत नाहीत.

माझे आग्रहाचे सांगणे एवढेच आहे की जाहिरातीतला दर पाहून खाते निवडू नये. अटींचे सारांशपत्रक प्रत्येक संस्था देते. ते आधी वाचावे आणि त्यात चार गोष्टी शोधाव्यात : दर स्थिर आहे की बदलता, महिना कसा मोजला जातो, चुकलेल्या हप्त्याचे काय होते, आणि मुदत संपल्यावर पैसे कुठे जातात.

नवीवाट

अतिशय उपयुक्त माहिती. माझा एक प्रश्न आहे आणि तो थोडा तक्रारीचाही आहे. मी गेल्या वर्षी एका संस्थेत ७ टक्के दराचे खाते उघडले, दरमहा २०० पौंड न चुकता भरले, म्हणजे एकूण २४०० पौंड झाले. त्यावर १६८ पौंड व्याज येईल असा माझा हिशेब होता. प्रत्यक्षात सुमारे ९१ पौंड मिळाले. मी संस्थेला फोन केला, तेव्हा पलीकडच्या बाईंनी ‘बरोबर आहे’ एवढेच सांगितले. मला अजूनही ते बरोबर वाटत नाही. यात माझी फसवणूक झाली आहे का?

लीड्सकर

नाही, फसवणूक झालेली नाही. पण तुम्हाला तसे वाटणे अगदी स्वाभाविक आहे, कारण जाहिरातीत हे कोणी उलगडून सांगत नाही.

तुमचे २४०० पौंड वर्षभर खात्यात नव्हते. पहिल्या महिन्याचे २०० पौंड पूर्ण बारा महिने तिथे राहिले, दुसऱ्या महिन्याचे अकरा महिने, तिसऱ्याचे दहा, आणि शेवटचे २०० पौंड जेमतेम एक महिना. बारापासून एकपर्यंतची बेरीज ७८ होते. तिला बाराने भागले की साडेसहा येतात. म्हणजे व्याजाच्या दृष्टीने तुम्ही एका हप्त्याच्या साडेसहा पट रक्कम, १३०० पौंड, वर्षभर ठेवल्यासारखे झाले. १३०० पौंडांवर ७ टक्के म्हणजे ९१ पौंड. तुम्हाला दर पूर्ण ७ टक्केच मिळाला, तो मिळवणारी रक्कम मात्र हळूहळू वाढत गेली. कोणत्याही वर्षभराच्या खात्यासाठी हा साडेसहाचा आकडा लक्षात ठेवला की मासिक हप्ता गुणिले साडेसहा गुणिले दर एवढ्या हिशेबात व्याजाचा चांगला अंदाज बांधता येतो.

टेम्सकाठ

मग माझी शंका मूलभूत आहे. माझ्याकडे ३००० पौंड आधीच शिल्लक आहेत. ते ४ टक्क्यांच्या साध्या खात्यात, जिथून केव्हाही काढता येतात, वर्षभर ठेवले तर १२० पौंड मिळतील. तेच पैसे दरमहा २५० पौंडांप्रमाणे ६ टक्क्यांच्या रेग्युलर सेव्हरमध्ये टाकले तर तुमच्या सूत्राने ९७.५० पौंड मिळतात. म्हणजे जास्त दराच्या खात्यात कमी व्याज मिळते. मग एवढा खटाटोप कशासाठी?

लीड्सकर

तुमचा हिशेब अर्ध्यावर थांबला आहे. उरलेले पैसे त्या काळात कुठे आहेत, हे त्यात धरलेले नाही. पहिल्या महिन्यात २५० पौंड रेग्युलर सेव्हरमध्ये गेले तरी २७५० पौंड तुमच्या ४ टक्क्यांच्या खात्यातच आहेत. पुढच्या महिन्यात २५०० आहेत, आणि असेच पुढे. या उतरत्या शिलकेवर वर्षभरात ५५ पौंड मिळतात. दोन्ही मिळून १५२.५० पौंड होतात, म्हणजे नुसत्या साध्या खात्यापेक्षा ३२.५० पौंड अधिक. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात थेंबाथेंबाने सोडायचे, हीच या पद्धतीची खरी वापरण्याची रीत आहे.

३२ पौंडांसाठी हे करावे का, हा प्रत्येकाने स्वतः ठरवण्याचा प्रश्न आहे. आमच्या घरी आम्ही दोघे मिळून अशी पाच खाती चालवतो आणि वर्षाकाठी जो फरक पडतो त्यात मुलांच्या पोहण्याच्या शिकवणीची एका सत्राची फी निघते. मात्र क्रेडिट कार्डावर व्याज चढत असेल तर आधी ते फेडावे; कोणताही रेग्युलर सेव्हर त्या व्याजाची बरोबरी करू शकत नाही. आणि हाताशी मोठी रक्कम एकदम आली असेल, तर तिच्यासाठी मुदत ठेवच योग्य.

ठाण्याची_लेक

मला व्याजापेक्षा सुरक्षिततेची जास्त काळजी वाटते. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले, तेव्हा माझ्या आईचे पैसे त्या बँकेत होते. बँकेच्या दाराशी तिने घालवलेले दिवस मी फोनवरून ऐकले आहेत. त्या वेळी ठेव विम्याचे संरक्षण फक्त एक लाख रुपयांचे होते, ते फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख झाले. पतसंस्थांना तर तेही नसते. म्हणून ‘सभासदांची संस्था’ हे शब्द ऐकले की माझा हात मागे येतो. मोठी बँक सोडून लहान गावातल्या संस्थेत पैसे ठेवणे कितपत शहाणपणाचे आहे?

डोंगरमाथा

मी गेली बारा वर्षे यॉर्कशायरमध्ये लेखापाल म्हणून काम करत आहे, म्हणून या प्रश्नाचे उत्तर देतो. आपल्या आईंच्या अनुभवानंतर ही भीती वाटणे योग्यच आहे, आणि प्रत्येक संस्थेबाबत हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

येथील बिल्डिंग सोसायट्यांना बँकांप्रमाणेच बँक ऑफ इंग्लंडच्या नियामक विभागाची मान्यता लागते आणि त्यांच्या ठेवींना बँकांच्या ठेवींइतकेच संरक्षण असते. ही मर्यादा पूर्वी ८५,००० पौंड होती. १ डिसेंबर २०२५ पासून ती प्रत्येक व्यक्तीमागे, प्रत्येक मान्यताप्राप्त संस्थेमागे १,२०,००० पौंड झाली आहे. संयुक्त खात्यात दोघांची मर्यादा वेगवेगळी धरली जाते. पतसंस्था आणि बँक यांच्यात आपल्याकडे जो कायदेशीर फरक आहे, तो ठेवींच्या संरक्षणाबाबत येथे नाही, हे मुद्दाम लक्षात घ्यावे.

एक बारकावा मात्र आहे. संरक्षण पाटीवरच्या नावाला नसून परवान्याला असते. चेल्सी बिल्डिंग सोसायटी हे नाव यॉर्कशायर बिल्डिंग सोसायटीच्या परवान्याखाली चालते, त्यामुळे दोन्हीकडे ठेवलेले पैसे एकाच मर्यादेत मोजले जातात. महिन्याला दोन-अडीचशे पौंड भरणाऱ्याला याची झळ लागणार नाही, पण घराच्या अनामत रकमेसाठी पैसे साठवत असाल तर नियामकाच्या नोंदवहीत परवाना तपासून पाहावा.

आणखी एक गोष्ट इतिहासातून. १९८९ मध्ये ॲबी नॅशनल आणि १९९७ मध्ये हॅलिफॅक्स, नॉर्दर्न रॉक अशा अनेक सोसायट्यांनी सभासदांची मालकी सोडून भागधारकांच्या बँका होण्याचा मार्ग धरला. त्यांपैकी एकही आज स्वतंत्र बँक म्हणून उरलेली नाही. सभासदांच्या मालकीच्या राहिलेल्या कॉव्हेंट्री, स्किप्टन, लीड्स, यॉर्कशायर, प्रिन्सिपॅलिटी यांसारख्या संस्था मात्र आजही चालू आहेत. त्या काळात रूपांतराच्या वेळी वाटले जाणारे पैसे मिळावेत म्हणून लोक गावोगावी खाती उघडत फिरत. म्हणूनच आज अनेक संस्थांच्या अर्जात असे कलम दिसते की संस्थेचे रूपांतर झाल्यास तुमच्या वाट्याची रक्कम धर्मादाय संस्थेकडे जाईल. ते कलम पाहून घाबरू नये. तुमच्या ठेवीचा आणि त्यावरील व्याजाचा त्याच्याशी काही संबंध नसतो.

केवडा

खाते उघडताना आपल्या नावांमुळे जी अडचण येते तिच्याबद्दल लिहिते, कारण मला तिच्यामुळे सात आठवडे घालवावे लागले.

माझ्या पासपोर्टवर नाव, वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव असे तीन शब्द आहेत. चालू खाते उघडताना बँकेने मधले नाव गाळले. लग्नानंतर वीजबिलावर सासरचे आडनाव आले. एका लहान संस्थेत मी टपालाने अर्ज केला, तेव्हा ही तिन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत हे त्यांना पटेना. कागद दोनदा परत आले. दुसऱ्यांदा तर पासपोर्टची प्रत प्रमाणित करणाऱ्याने स्वतःचा व्यवसाय लिहिला नाही, एवढ्या कारणावरून. दरम्यान ते खाते नव्या अर्जदारांसाठी बंद झाले आणि मला कमी दराच्या पुढच्या खात्यावर समाधान मानावे लागले. चांगल्या दराची खाती पूर्वसूचनेशिवाय मागे घेतली जातात, हे तेव्हा कळले.

आता माझा क्रम असा आहे. आधी चालू खात्यावरचे नाव पासपोर्टप्रमाणे अक्षरशः जुळवून घेतले. अर्जातही तेच लिहिते, कारण पैसे पाठवताना बँका घेणाऱ्याचे नाव ताडून पाहतात आणि पैसे परत घेण्यासाठी नेमून दिलेले खाते तुमच्याच नावावर असावे लागते. दुसरे म्हणजे मतदार यादीत नाव नोंदवले. ब्रिटनमध्ये कायदेशीररीत्या राहणाऱ्या भारतीय नागरिकांना राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून येथे मतदार होता येते, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊकच नसते. संस्था ओळख आणि पत्ता पडताळताना बहुतेक वेळा ही यादी पाहतात. नाव नोंदवल्यानंतर केलेले माझे तीनही अर्ज कागद न पाठवता, त्याच दिवशी मंजूर झाले.

नवीवाट

मतदार यादीबद्दल खरोखरच माहीत नव्हते. आजच अर्ज करते. अशी खाती उघडल्याने पुढे गृहकर्ज घेताना पतगुणांकावर परिणाम होतो का?

डोंगरमाथा

बचत खात्यासाठी साधारणपणे फक्त ओळखीची पडताळणी होते. कर्जाच्या अर्जासारखी चौकशी होत नाही, त्यामुळे काळजीचे कारण नाही. चालू खाते उघडणे अनिवार्य असेल तर मात्र अशी चौकशी होऊ शकते, कारण त्यात उचल घेण्याची सोय असते. गृहकर्जाचा अर्ज तोंडावर असताना तेवढे टाळावे.

लीड्सकर

आता ज्या बाबतीत मी स्वतः सर्वांत जास्त चुकलो त्या बाबतीत, म्हणजे तारखांबाबत लिहितो.

पगार महिन्याच्या शेवटच्या दिवशी होतो म्हणून मी पहिली स्टँडिंग ऑर्डर, म्हणजे ठरलेल्या तारखेला दरमहा आपोआप पैसे पाठवण्याची बँकेला दिलेली सूचना, ३० तारखेची लावली होती. स्टँडिंग ऑर्डरची तारीख शनिवारी, रविवारी किंवा बँकेच्या सुटीच्या दिवशी आली की पैसे पुढच्या कामाच्या दिवशी निघतात. एका महिन्यात ३० तारीख शनिवारी आली, तेव्हा पैसे पुढच्या महिन्यात पोहोचले. त्या महिन्याचा दुसरा हप्ता त्याच्या ३० तारखेला वेळेवर गेला. म्हणजे एक महिना रिकामा गेला आणि पुढच्यात दोन हप्ते झाले. संस्थेने दुसरा हप्ता मर्यादेबाहेरचा म्हणून परत पाठवला आणि आधीचा महिना चुकला अशी नोंद केली. मी पैसे वेळेवर सोडले होते, पण त्यांच्या नियमाप्रमाणे त्यांचेही चुकले नव्हते.

तेव्हापासून सर्व स्टँडिंग ऑर्डर मी ५ तारखेला लावतो. १ तारीखही टाळतो, कारण १ जानेवारीला सुटी असते आणि त्याला जोडून शनिवार-रविवार आले की पैसे ४ तारखेपर्यंत निघत नाहीत. तेवढ्याने नियम मोडत नाही, पण व्याजाचे दिवस जातात. ज्यांना प्रत्येक दिवसाचे व्याज हवे असते ते महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी हाताने पैसे पाठवतात. तेवढी शिस्त असेल तर तसे जरूर करावे.

त्याहून सूक्ष्म मुद्दा म्हणजे महिना कसा मोजतात. काही संस्था कॅलेंडरचा महिना धरतात, तर काही खाते उघडल्याच्या तारखेपासून पुढचा महिना मोजतात. १८ तारखेला उघडलेल्या खात्याचा महिना दुसऱ्या पद्धतीत १८ ते १७ असा चालतो. पहिल्या पद्धतीत मात्र १८ तारखेला पहिला हप्ता भरून पुढच्या १ तारखेला लगेच दुसरा भरता येतो, आणि मुदत वर्षाच्या तारखेला संपत असेल तर बाराऐवजी तेरा हप्तेही बसू शकतात. जिथे नियम तशी मुभा देतात तिथे तिचा लाभ घेण्यात काहीच गैर नाही.

प्रत्येक खात्याची एक ओळ मी वहीत ठेवतो : संस्था, उघडल्याची तारीख, मासिक मर्यादा, पैसे काढण्याचे नियम, मुदत संपण्याची तारीख. माझ्या वडिलांची पोस्टातल्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवींची अशीच एक वही होती. संगणकावर तक्ता करणाऱ्यांनी तो करावा, पण कुठे तरी लिहून ठेवलेच पाहिजे, कारण दोनपेक्षा जास्त खाती झाली की स्मरणशक्तीवर विसंबता येत नाही.

टेम्सकाठ

१५२.५० चा हिशेब मी स्वतः मांडून पाहिला. तो बरोबर आहे. माझी शंका मागे घेतो. कराचे काय? इथे भारतासारखा व्याजावर आधीच कर कापला जातो का?

डोंगरमाथा

एप्रिल २०१६ पासून बँका आणि सोसायट्या व्याजावर कर कापत नाहीत. मूळ दराने कर भरणाऱ्याला वर्षाला १००० पौंडांपर्यंतचे व्याज करमुक्त असते, त्यावरच्या ४० टक्क्यांच्या टप्प्यात असणाऱ्याला ५०० पौंडांपर्यंत, आणि सर्वांत वरच्या टप्प्यातल्याला ही सवलतच नाही. व्याजाची माहिती संस्था स्वतःच कर खात्याला कळवतात. रेग्युलर सेव्हरचे व्याज बहुधा मुदतीअखेर एकदम जमा होते आणि ज्या करवर्षात ते हातात येते त्याच वर्षात मोजले जाते. त्यामुळे पाच-सहा खाती एकाच करवर्षात संपणार असतील तर त्यांची बेरीज आधीच करून ठेवावी.

आपल्या कुटुंबांच्या दृष्टीने एक महत्त्वाची सोय आहे. पती किंवा पत्नी नोकरी करत नसेल आणि दुसरे काहीही उत्पन्न नसेल, तर १२,५७० पौंडांची वैयक्तिक सवलत, त्यावर ५००० पौंडांचा बचतीसाठीचा शून्य दराचा टप्पा आणि १००० पौंडांची सवलत, असे मिळून १८,५७० पौंडांपर्यंतचे व्याज करमुक्त राहते. अवलंबित व्हिसावर आलेल्या अनेक स्त्रियांच्या नावावर येथे एकही बचत खाते नसते. कराचा विचार बाजूला ठेवला तरी ते असायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

केवडा

शेवटच्या वाक्याशी मी पूर्णपणे सहमत आहे. पहिली तीन वर्षे माझी स्थिती तशीच होती. माझ्या नावावरचे पहिले खाते दरमहा ५० पौंडांचे होते, आणि त्याचे पासबुक मी अजून ठेवले आहे.

ठाण्याची_लेक

आम्ही पुढच्या दोन वर्षांत भारतात परतण्याचा विचार करतो आहोत. तोपर्यंत मुदत न संपलेल्या रेग्युलर सेव्हर खात्यांचे तेव्हा काय होईल?

लीड्सकर

नवे खाते उघडण्यासाठी बहुतेक ठिकाणी ब्रिटनमध्ये राहत असल्याची अट असते. आधीच उघडलेले खाते मुदतीपर्यंत ठेवू देतात की नाही, हे संस्थेनुसार बदलते. म्हणून निघण्याच्या तारखेपूर्वी संपतील अशीच खाती निवडावीत आणि पत्ता बदलल्याचे लपवू नये. भारतात निवासी झाल्यावर, सुरुवातीच्या सवलतीच्या काळानंतर, येथील व्याज तिथल्या विवरणपत्रातही दाखवावे लागते. त्यासाठी तिथल्या सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा.

मुदत संपण्याबद्दल लिहायचे राहिले होते. मुदत संपताच बहुतेक संस्था मुद्दल आणि व्याज स्वतःच्या साध्या खात्यात वळवतात, आणि त्या खात्याचा दर पुष्कळदा अगदी कमी असतो. दोन-तीन आठवडे आधी त्यांचे पत्र येते. पत्ता बदललेला असेल तर तेही मिळत नाही. माझे एक खाते असेच आठ महिने पडून राहिले होते. मुदतीच्या दिवशी पैसे काढून घ्यावेत. त्या खात्यात एक पौंड मात्र ठेवावा, म्हणजे सभासदत्व टिकते आणि पुढे जुन्या सभासदांसाठी राखलेले खाते निघाले तर तुम्ही पात्र ठरता.

नवीवाट

माझी स्टँडिंग ऑर्डर २८ तारखेची होती, ती आत्ताच ५ वर हलवली. गेल्या वर्षीचे २४०० पौंड त्या संस्थेच्या साध्या खात्यातच पडले होते आणि त्याचा दर १.५ टक्के निघाला. एक पौंड ठेवून बाकीचे आज रात्री काढते. आईच्या भेटीसाठी पुढच्या डिसेंबरची तिकिटे काढायची आहेत, म्हणून या वेळी सहा महिन्यांच्या मुदतीचे खाते शोधते आहे.

लीड्सकर

सहा महिन्यांच्या खात्याला साडेसहा वापरू नका. तिथे सहापासून एकपर्यंतची बेरीज २१ होते आणि तिला बाराने भागले की पावणेदोन येतात.